बिनकोंबाचा दाणा

बोरदरीच्या माळावर, बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या जुन्या बंगल्यापुढं त्या गुरुवारी एवढी माणसं लोटली होती, की जळकोटहून येणारी एसटी ड्रायव्हरनं फाट्यावरच उभी केली.

"पुढं जागाच न्हाई. उतरा इथंच," तो ओरडला. "आन माझ्या नावानं पन एकदा हात जोडा!"

चंद्रप्रभाबाई उतरल्या. एका हातात कपड्यांची पिशवी, दुसऱ्यात फडक्यात गुंडाळलेले टाळ. अहमदपूरच्या ज्युनिअर कॉलेजात तीस वर्षं जीवशास्त्र शिकवून त्या गेल्या वर्षीच निवृत्त झाल्या होत्या. बोरदरी हे त्यांचं माहेर. माघातला इथला हरिनाम सप्ताह त्यांनी आजवर एकदाही चुकवला नव्हता. नोकरीत असताना रजा टाकून यायच्या. बुवांनी निरूपण रंगवत आणलं, मृदंगावर थाप पडली आणि मागच्या टाळकऱ्यांनी चाल उचलली, की बाईंचे डोळे आपोआप मिटत. देवावर त्यांचा जीव होता. म्हणूनच देवाच्या नावानं कुणी दुकान मांडलेलं दिसलं, की त्यांच्या कपाळाला आठी पडे.

आत्ताही पडली.

बंगल्यापुढच्या पारावर एक झाड होतं. पुरुषभर उंचीचं, खवल्याखवल्यांचं खोड, वर पिसाऱ्यासारखी हिरवीगार ताठ पानं. पानांच्या मधोमध सोनेरी लवेचा भलामोठा गड्डा, आणि त्या लवेतून डोकावणारी सुपारीपेक्षा मोठी, शेंदरी रंगाची फळं. झाडाला हिरवी चोळी घातली होती. शेजारी चौरंगावर, गळ्यात तीन पदरी माळ आणि कानाला माइक लावून अंकुरबाबा बसला होता.

"भक्तहो, फूल दिसून राहिलं का?"

"न्हाई!" गर्दी.

"मोहर?"

"न्हाई!"

"भुंगा, माशी, फुलपाखरू?"

"न्हाई, न्हाई!"

"आन फळ?"

"हाय!" सगळा माळ दणाणला.

"ही कुमारी माय हाय, भक्तहो! नर न्हाई, फूल न्हाई, तरी कूस भरली! बारा वर्सं हिमालयात एका पायावर हुभी होती. मग माज्या मागं मागं इथवर चालत आली!"

"एका पायावर?" बाईंच्या तोंडून निघून गेलं. "लंगडी घालत आली म्हणा की."

पुढच्या दोनतीन बायकांनी पदर तोंडाला लावला. बाबानं डोळा किलकिला करून गर्दीत कोण बोललं ते पाहिलं आणि आवाज चढवला.

"जिची कूस रिकामी, तिनं हिचा दाणा गिळावा! पन नेम तीन. दाणा माज्यासमोरच खायाचा. घरी न्यायाचा न्हाई. आन मातीला लावायाचा न्हाई! मातीला लागला तर वंश बुडंल!"

बाईंचं लक्ष फळावरून उडालं आणि त्या तिसऱ्या नेमावर जाऊन बसलं. बी आहे ना हे? मग बियाला मातीचं एवढं वावडं का?

झाड त्यांनी लांबूनच ओळखलं होतं. सायकस. शहरातल्या निम्म्या बंगल्यांच्या फाटकाशी कुंडीत असतं ते. पण बाबानं पुढं ज्या माणसाला चौरंगाशी बोलावलं, त्याला पाहून मात्र त्या चपापल्या.

शेषेराव! बोरदरीत शेषेरावांचा शब्द बियाण्याच्या बाबतीत शेवटचा. दर मृगाच्या आधी हा म्हातारा सोयाबीनचे शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळायचा, आठव्या दिवशी पारावर उलगडून दाखवायचा आणि सांगायचा, "सत्तर उगवले, पेरा," नाहीतर "ह्याची डाळ करा." दुकानदाराच्या पावतीपेक्षा गावाला त्याचं गोणपाट खरं वाटे.

"म्या सोता फोडून बघितलाय दाणा," शेषेराव माइकमध्ये म्हणाले. "आत ठासून भरलेला हाय. पांढरा सफेत. फोल न्हाई."

झालं. त्या एका वाक्यानं अख्ख्या गावाच्या शंकेला कुलूप लागलं.

*

शेषेरावांच्या घरी बाई दुपारी पोचल्या तेव्हा त्यांची सून शिवकन्या भिंतीला टेकून बसली होती. एकेकाळी ती बाईंच्या वर्गात पहिल्या बाकावर असायची. लग्नाला सहा वर्षं झाली होती. आता गाल बसले होते, ओठ सुकले होते.

"काय गं, हे काय करून घेतलंस?"

"बाई, पौर्णिमेला एक दाणा खाल्ला. घरी आले आन उलट्या सुरू. दोन दिस पोटात पाण्याचा थेंब ठरला न्हाई. उपकेंद्राच्या पंचशीला सिस्टरनं सलाईन लावलं, तवा उठले."

"बाबा काय म्हणाला?"

"दोष पडून राहिलाय म्हनला." तिनं नजर खाली घातली. "अजून तीन दाणे एकदम खायाचे हायेत. सोमवारी, काल्याच्या कीर्तनानंतर. मामांनी पंचांकडून कबूल करून घेतलंय. समद्यांसमोर."

"तीन?" बाईंचा आवाज फाटला. "शिवकन्या, ते बी कच्चं म्हणजे विष आहे. एकानं तू दोन दिवस पडलीस. तिनांनी यकृत जाईल, जीवही जाईल."

"ठाऊक हाय मला, बाई. आतडी पिळून निघाली तवाच कळलं." ती शांतपणे म्हणाली, आणि तो शांतपणाच बाईंना बोचला. "पन न्हाई म्हनलं तर? उद्या सवत आनली तर मीच न्हाई म्हनले हुते, असं हुईल की."

दारात तिचा नवरा बालाजी उभा होता. खाली बघून अंगठ्यानं उंबऱ्याची माती उकरत राहिला.

शेषेराव परसात ज्वारीच्या कणसातून चिमण्या हाकलत होते. बाई त्यांच्याजवळ गेल्या.

"शेषेरावदादा, ते झाड चमत्काराचं नाही."

"बाई, तुमी लई शिकलेल्या. पन शेतीचं मला सांगू नका." म्हाताऱ्यानं हातातलं कणीस त्यांच्यापुढं धरलं. "हे बघा. जवारी फुलोऱ्यात आली आन पानी पडलं, पराग धुऊन गेला, की काय हुतं?"

"दाणा भरत नाही."

"हाव! कणीस फोल. परागाबिगर दाणा भरला, असं साठ वर्सांत बघितलं न्हाई म्या. ह्या झाडाला फूलच न्हाई, पराग यायाचा कुठून? तरी आत गर भरलेला! मंग हे देवाचं न्हाई तर कुणाचं?"

ह्या म्हाताऱ्याचा बाईंना राग येईना. त्याचं गणित बरोबर होतं. ज्वारीसाठी, मक्यासाठी, तुरीसाठी अगदी बरोबर. वर्गातल्या कितीतरी पोरांनी एवढा नीट विचार केला नव्हता. एकाच पायरीवर त्याचा पाय चुकला होता, आणि त्या पायरीवरून सून खाली पडणार होती.

"दादा, तुम्ही दाणा फोडला कशानं?"

"विळ्यानं. बाबानंच धरला हुता दाणा, म्या विळा मारला."

"आडवा का उभा?"

"आडवा. का वो?"

"काही नाही," बाई म्हणाल्या. मनात मात्र म्हणाल्या, बाबानं दाणा स्वतःच्या हातात धरला, आणि कापही आडवा. त्यात कोंबाची जागा दिसतच नाही. वा रे बाबा!

*

शुक्रवारी पहाटेच्या गाडीनं बाई नांदेडला गेल्या. तिथल्या एका कॉलेजच्या बागेत त्यांच्या मैत्रिणीनं सायकसची दोन झाडं राखली होती. एक नर, एक मादी. ह्या झाडांत बाप वेगळा उभा असतो, आई वेगळी. संध्याकाळी बाई परतल्या तेव्हा पिशवीत वर्षभर ओल्या वाळूत ठेवलेल्या चार बिया आणि कागदात गुंडाळलेलं एक वाळलेलं, हातभर लांब कणीस होतं.

शनिवारी बंगल्यापुढच्या माळावरच घातलेल्या सप्ताहाच्या मांडवामागं पंगतीची भांडी घासत बसलेल्या लिंबाजीजवळ त्या टेकल्या. लिंबाजी म्हणजे जिनिंगच्या बंगल्याचा जुना माळी. जिनिंग बंद झालं, बाबा येऊन राहिला, तरी लिंबाजी झाडांना पाणी घालतच राहिला.

"लिंबाजी, हे झाड हिमालयातून चालत आलं म्हणे."

लिंबाजीनं इकडंतिकडं पाहिलं. "जिनिंगच्या साहेबाच्या बायकोनं नांदेडच्या नर्सरीतून आनलं हुतं. इतकुसं. छोट्या कुंडीत. म्याच लावलं. पंचवीस वर्सं झाली."

"मग बोलला नाहीस?"

"बाबा म्हनला, बोललास तर जीभ झडंल."

"तीस वर्षं पोरांपुढं बडबडून माझी झडली नाही, तुझी कशी झडेल? बरं, मला एक सांग. बाबानं ह्या बिया कधी पेरल्या होत्या का?"

लिंबाजीच्या हातातली कढई थांबली.

"तुमाला कसं ठाऊक? पयल्या वर्सी पेरायला लावल्या की. एकवीस बिया. बंगल्यामागं, वाळूच्या खोक्यात. म्हनला, ह्याची रोपं करू, गावोगाव मठ काढू. दोन पावसाळे म्या पानी घातलं. एक उगवली न्हाई. एक! तवापासून म्हनाया लागला, मातीला लावू नका."

चंद्रप्रभाबाईंच्या मनात हिशेब जुळला. म्हणजे बाबाला माहीत होतं. का उगवत नाही हे नसेल कळलं, पण उगवत नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आणि ते ठाऊक असूनच तो त्या बियांचं नाव घेऊन बायकांच्या कुशीशी खेळत होता.

"खोकं अजून आहे?"

"हाय की. वाळूसगट."

कीर्तनकार उद्धव महाराज देवळाच्या ओसरीत दुधाचा पेला घेऊन बसले होते. बाईंनी सगळं सांगितलं आणि काल्याच्या कीर्तनात दहा मिनिटं मागितली.

"बाई, व्यासपीठापुढं करणार काय?"

"बी कापणार."

"नारदाच्या गादीसमोर चाकू?"

"पेन्सिल तासायचा आहे, महाराज."

महाराज हसले, मग हसू मावळलं. "गेली बावीस वर्षं मी लोकांना सांगतोय, देव भावाचा भुकेला आहे. माझ्याच मांडवात त्या भावाला विष चारणार असतील, तर मी कुठल्या तोंडानं अभंग म्हणू? घ्या दहा मिनिटं. वीस घ्या."

*

सोमवारी सकाळी मांडव ओसंडून वाहत होता. काल्याचं कीर्तन रंगलं. गवळणी झाल्या, पोरं खिदळली, म्हाताऱ्यांनी डोळे पुसले, आणि टाळ वाजवता वाजवता बाईंनाही क्षणभर पुढचं सगळं विसरायला झालं. मग नामगजर थांबला. पुढच्या रांगेत गादीवर बसलेल्या अंकुरबाबानं चांदीची वाटी पुढं सरकवली. वाटीत तीन शेंदरी दाणे. समोर हिरव्या लुगड्यात शिवकन्या.

"थांबा," उद्धव महाराज म्हणाले. "सप्ताहात प्रसाद वाटायचा, तर तो आधी गावच्या पारख्यानं बघितला पाहिजे. शेषेराव, या पुढं."

"एकदा बघितलाय त्यांनी!" बाबा घाईनं म्हणाला.

"मग दुसऱ्यांदा बघायला काय हरकत? खरं सोनं काय घासल्यानं झिजतंय?"

लोक हसले. शेषेराव छाती काढून पुढं आले. चंद्रप्रभाबाईंनी त्यांच्या हातात आधी भुईमुगाचा दाणा ठेवला.

"दादा, हा उकला. काय दिसतं?"

"दोन डाळी. आन टोकाला कोंब."

"डाळी कशाला?"

"कोंबाला खायाला. जमिनीतून वर येईस्तोवरची शिदोरी."

"आणि कोंब नसला तर?"

"तर काय! नुसती शिदोरी काय उगवती का, बाई?" म्हाताऱ्याला प्रश्नच पोरकट वाटला.

"लक्षात ठेवा हां, तुम्हीच म्हणालात." बाईंनी वाटीतला एक दाणा उचलला. बाबाचा हात पुढं आला, पण त्याआधीच महाराजांचा टाळ मध्ये आला. बाईंनी शेंदरी साल सोलली, कवच फोडलं, आतला गोळा शेषेरावांच्या तळहातावर ठेवला आणि चाकू पुढं केला. "आता ह्याला उभा चिरा. आडवा नाही. भुईमुगासारखा."

शेषेरावांनी चिरला. आत गर पांढराशुभ्र, ठासून भरलेला.

"बघा!" बाबा ओरडला. "भरलेला हाय का न्हाई!"

"हाय," शेषेराव म्हणाले. पण त्यांची नजर हलेना. त्यांनी एक फाक डोळ्याजवळ नेली, बोटाच्या नखानं मधला भाग खरवडला, दुसरी फाक पालथी करून पाहिली.

"कोंब कुठंय?"

बाईंनी नांदेडची बी पुढं केली. "आता ही चिरा."

तीही तशीच पांढरी. पण मधोमध, गरात रुतून बसलेली, पिवळसर पांढरी, बारीक काडीएवढी एक बोटुकली होती. शेषेरावांनी ती नखावर घेतली आणि पुढच्या रांगेला दाखवली. दुसऱ्या बीला तर टोकाशी बारीक मूळही फुटलेलं होतं.

"हा कोंब," म्हातारा पुटपुटला. "एकाच झाडाच्या बिया ह्या?"

"एकाच जातीच्या. पण नांदेडच्या झाडाशेजारी बाप आहे. हा बघा त्याचा तुरा." बाईंनी कागद उलगडून मोठं वाळकं कणीस वर धरलं. "ह्याच्यातून पराग उडतो, वाऱ्यानं नाहीतर किड्यांनी आईपर्यंत जातो. आपल्या इथं बाप नाही. साहेबाच्या बायकोनं एकच कुंडी आणली होती. होय ना लिंबाजी?"

लिंबाजी मागं उठून उभा राहिला. जीभ झडली नव्हती. "हाव. नर्सरीतून. म्याच लावली."

"पन मंग गर कसा भरला, बाई?" शेषेराव आता वाद घालत नव्हते, खरंच विचारत होते. "परागाबिगर जवारी भरत न्हाई."

"दादा, तुमचं ज्वारीचं अगदी खरं आहे. फुलाच्या झाडांत पराग पोचला, की कोंब आणि शिदोरी दोन्हींची तयारी एकदमच लागते. पराग नाही, तर दोन्ही नाही. पण ही झाडं फार जुनी. पृथ्वीवर फूल जन्मायच्याही आधीची. सायकस, देवदार, पाइन, सगळी त्याच घराण्यातली. ह्यांना फूल कधीच येत नाही, बी तशीच उघडी लागते. आणि ह्यांच्यात आई आधीच शिदोरी बांधून ठेवते. बाळ येईल की नाही ह्याची वाट न बघता. पराग आला तर कोंब धरतो. नाही आला, तर शिदोरी तशीच पडून राहते. भरलेली, पण खाणारं कुणी नाही. तुम्ही शिदोरी बघितलीत, दादा. बाळ बघायचं राहिलं."

"ह्या बाईनं मंत्र मारून कोंब पळवला!" बाबा उठला. "नास्तिक हाय ही!"

"नास्तिक?" मागून एक म्हातारी कडाडली. "चाळीस वर्सं बघतीया मी तिला टाळ वाजवताना. तू कधी वाजवलास का रं?"

लिंबाजी तोवर मांडवाबाहेर जाऊन लाकडी खोकं घेऊन आला होता. त्यानं ते व्यासपीठापुढं उपडं केलं. वाळू, आणि वाळूत काळ्या पडलेल्या एकवीस बिया. त्यानं काही भाषण केलं नाही. एवढंच म्हणाला, "ह्या बाबानंच पेरायला लावल्या हुत्या. दोन पावसाळे. मोजून घ्या."

शेषेराव खाली बसले. त्यांनी एकेक बी हातात घेतली, मोजली. एकवीसपर्यंत आल्यावर त्यांनी मान वर केली.

"शंभरात शून्य," ते म्हणाले. "बाबा, तुला ठाऊक हुतं. उगवत न्हाई हे ठाऊक असून माज्या सुनंला चारत हुतास. आन साक्षीला मला हुभं केलंस."

बाबा काहीतरी कलियुगाबद्दल बोलत गाडीकडं निघाला. पंचांतल्या दोघांनी गाडीची किल्ली काढून घेतली आणि पोलिसांना फोन लावला. गर्दीतले सगळेच काही शहाणे झाले नाहीत. दोघीतिघी तरीही जाता जाता झाडाच्या चोळीला हात लावून डोळ्यांना लावत होत्याच.

शेषेरावांनी वाटीतले उरलेले दोन दाणे उचलून वाळूच्या खोक्यात टाकले. मग सुनेपुढं आले. हात जोडावेत की डोक्यावर ठेवावा हे त्यांना उमगेना.

"पोरी, म्या चुकलो."

शिवकन्या उठली. सहा वर्षांत ती सासऱ्यापुढं मान वर करून बोलली नव्हती. आज तिनं आधी झाडाकडं पाहिलं, मग त्या वाळक्या तुऱ्याकडं, मग मांडवाच्या खांबाला टेकलेल्या बालाजीकडं.

"मामा, झाडाची तपासणी तुमी दोनदा केली. माजी तर गावानं रोज केली. उपास, अंगारे, दाणे, समदं मीच खाल्लं. लातूरचे डॉक्टर पयल्याच दिवशी म्हनले हुते, दोघंबी या. एकदा तरी ह्यांची तपासणी करा की."

बालाजीनं खांब सोडला. गर्दीतून वाट काढत तो बायकोशेजारी येऊन उभा राहिला. त्याचा चेहरा लाल झाला होता.

"मी येतो," तो म्हणाला. "गुरुवारीच जाऊ."

उद्धव महाराजांनी वीणा पुन्हा खांद्याला लावली. "माउलींनो," ते म्हणाले, "देवानं आपल्याला हात दिले तसं डोकंही दिलंय. जोडायला हात वापरता, मग बघायला डोकं वापरलं तर देव रागवत नाही. जो फोडून बघू देत नाही, घरी नेऊ देत नाही, मातीला लावू देत नाही, त्याला विचारा, का? एवढंच विचारा. आणि पोटात दुखलं तर दवाखान्यात जा."

मग दहीहंडी फुटली. दही, लाह्या, पेरूच्या फोडी, लोणचं, सगळ्यांचा मिळून झालेला काला पानापानांवर वाढला गेला. चंद्रप्रभाबाईंनी शिवकन्येच्या तळहातावर एक घास ठेवला. बोटांच्या फटीतून चार लाह्या खाली मातीत सांडल्या. ती दचकली.

"असू दे गं," बाई म्हणाल्या, आणि टाळ उचलले. "हा प्रसाद मातीला लागलेला चालतो."